एकाच जोडीवर अख्खा डोंगर, आणि वर पार्कही

ऑक्टोबर उजाडला की डेन्व्हर-बोल्डरकडच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "कंबर कितीची घेऊ? पंच्याण्णव की शंभर?" स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी मिलिमीटरमध्ये. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा लागतो. तोच पहिला धरला तर शंभराची स्की घरी येते, ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर बरी चालते, आणि तरीही फेब्रुवारीपर्यंत कुरकुर सुरू होते: हिच्यावर उलटं जाता येत नाही, हवेत फिरायला गेलं की ती मागे ओढते, बटर करायला, म्हणजे एका टोकावर वजन टाकून दुसरं उचलायला गेलं की टोक वाकतच नाही. स्कीचा खेळकरपणा कंबरेत नसतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी खटकी, कुठे बसवलंय, दोन्ही टोकं किती आणि कशी वाकतात, आणि त्या टोकांत वजन किती आहे, या तीन गोष्टींवर तो ठरतो. कंबर फक्त एवढंच सांगते की ती मजा कोणत्या बर्फावर करायची आहे.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो शनिवारी पहाटे आय-७० महामार्गावरच्या रांगेत उभा राहणारा गडी. सकाळी ग्रूमर, दुपारी झाडांमधून किंवा मोगलमधून (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमधून) दोन-तीन फेऱ्या, आणि शेवटचा तास पार्कात, म्हणजे उड्या, रेल आणि बॉक्स मांडलेल्या आवारात. कीस्टोनचं ए-५१ असो, ब्रेकनरिजचं फ्रीवे असो की कॉपर. निळे, म्हणजे मध्यम उतार सहज जमतात, काळे, म्हणजे अवघड, जपून जमतात. हवेत १८० अंश फिरणं जमतंय, ३६० खुणावतंय, बॉक्सवरून सरळ घसरता येतं. स्पर्धेत उतरायचं नाही आणि दोन जोड्या ठेवायला ना जागा ना पैसे. या माणसाला ज्या जातीची स्की लागते तिला ऑल-माउंटन फ्रीस्टाइल म्हणतात.

ही जात तशी तरुण आहे. १९९५ मध्ये जेसन लेव्हिन्थॉलने न्यूयॉर्क राज्यात लाइन ही स्की बनवणारी कंपनी काढली. १९९८ मध्ये सॅलोमॉनची टेनएटी बाजारात आली आणि दोन्ही टोकं वर वळलेली स्की सगळीकडे पोहोचली. तिच्यामागे माइक डग्लस आणि त्याचे कॅनडातले मोगल खेळणारे साथीदार होते. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला शेन मॅकॉन्कीच्या डोक्यातून निघालेली व्होलांटची स्पॅच्युला आली आणि टोकं बर्फापासून आधीच उचललेली असली की काय होतं ते लोकांना कळलं. आज दुकानात जी 'प्लेफुल' म्हणून दाखवतात ती वळलेली टोकं आणि उचललेली टोकं या दोन घराण्यांची लेक.

पहिली गोष्ट: बुटाची जागा

स्कीच्या वरच्या पृष्ठावर मधोमध एक बारीक रेघ छापलेली असते, कधीकधी दोन-तीन रेघा. बुटाच्या तळव्याच्या बाजूला मध्याची खूण असते, ती या रेघेवर यायला हवी. ही रेघ स्कीच्या खऱ्या मध्यापासून किती मागे आहे, त्या आकड्याला माउंट पॉइंट म्हणतात. आखीव वळणं घेण्यासाठी बनवलेल्या स्कीत तो उणे १० ते उणे १२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. निव्वळ पार्क स्कीत शून्य ते उणे २. आपल्याला हवी ती स्की यांच्या मधली, साधारण उणे ३ ते उणे ६. एकच जोडी असेल तर माझा कल उणे ४ ते उणे ५ कडे आहे.

दुकानात हा आकडा विचारत बसू नका, मोजा. शिंप्याची टेप पुरते. शेपटीच्या, म्हणजे मागच्या टोकापासून नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत टेप ताणून सरळ धरायची, स्कीच्या वळणावर टेकवायची नाही. समजा १८४ छापलेली स्की सरळ मापात १८२.६ भरली. निम्मे ९१.३. आता शेपटीपासून रेघेपर्यंत मोजा: ८६.८ आले, तर माउंट पॉइंट उणे ४.५. याच मोजणीत दुसरी गोष्टही कळते, ती म्हणजे छापलेली लांबी आणि खरी लांबी यांत फरक असतो. काही कंपन्या साच्यात वाकवण्यापूर्वीची लांबी छापतात, काही तयार स्कीची. म्हणून एकीची १८० आणि दुसरीची १८० शेजारी उभ्या केल्या की बोटभर फरक दिसतो.

मध्याजवळ बसवलं की काय होतं? पुढे-मागे जवळपास सारखी लांबी राहते, म्हणून हवेत फिरताना स्की एका बाजूला ओढत नाही आणि स्विच, म्हणजे पाठ उताराकडे करून उलटं उतरताना, मागचं टोक पुरेसं लांब असल्यामुळे बर्फात रुतत नाही. याची किंमत अशी की समोर नाक कमी उरतं. ताज्या बर्फात ते लवकर बुडतं. तुडवलेल्या, ढेकळांच्या बर्फात नडगी बुटाच्या जिभेवर जोरात रेटायची सवय असेल तर टोक दुमडल्यासारखं होतं आणि माणूस नाकावर येतो. मध्यावर बसवलेल्या स्कीवर गुडघे-घोटे वाकवून वजन पायांच्या वर ठेवायचं असतं. ज्यांनी वीस दिवस शिकवणीत "पुढे झुका, पुढे झुका" ऐकलंय त्यांना इथे उलटी सवय लावावी लागते.

आणि इथेच एक नेहमीची चूक होते. उणे १० ची सरळ-चालीची स्की सेलमध्ये स्वस्त मिळते, आणि माणूस म्हणतो, बाइंडिंग पाच सेंटिमीटर पुढे बसवू, झालं. होत नाही. स्कीचा सर्वांत अरुंद भाग, कॅम्बरचा उंच बिंदू आणि गाभ्याची जाडी हे सगळं त्या रेघेभोवती बेतलेलं असतं. बूट पाच सेंटिमीटर सरकला की वजन एकीकडे आणि स्कीचं वळण सुरू होण्याची जागा दुसरीकडे. शेपूट लांब आणि कडक, वळणातून सुटता सुटत नाही. छापलेल्या रेघेपासून पहिल्यांदा १ सेंटिमीटर, फार तर २. त्यापेक्षा जास्त हवं वाटत असेल तर ती स्कीच तुमची नव्हे.

खात्री करायचा उत्तम मार्ग म्हणजे डेमो, म्हणजे करून पाहायची जोडी, भाड्याने घेणं. डेमो जोडीवरचं बाइंडिंग रुळावर सरकतं. दुकानदाराला सांगून सकाळी छापलेल्या रेघेवर, दुपारी दीड-दोन सेंटिमीटर पुढे, असं एकाच दिवसात एकाच स्कीवर करून पाहता येतं. मात्र हे बाइंडिंग स्वतः जड असतं आणि पाय थोडा उंचावर ठेवतं, तेवढी सूट मनात धरायची.

दुसरी गोष्ट: कुठे वाकते

कंपन्या कडकपणाचे आकडे देतात, दहापैकी सात वगैरे. हे आकडे त्या कंपनीच्या इतर स्कीशी ताडून पाहण्यापुरते ठीक, एका कंपनीचा सात दुसरीचा पाच असू शकतो. हाताने वाकवून बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि कोणताही शहाणा दुकानदार याला हरकत घेत नाही.

शेपटीचं टोक गालिच्यावर किंवा स्वतःच्या बुटावर टेकवा, वरचं पृष्ठ तुमच्याकडे. डाव्या हाताने नाक धरा, उजव्या तळहाताने बाइंडिंगच्या जागेवर ढकला. मधला भाग जेमतेम हलला पाहिजे. मग उजवा हात वर नेऊन वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा आणि नाक आपल्याकडे ओढा. शेवटचे ३० ते ३५ सेंटिमीटर हाताच्या जोराने स्वच्छ वाकले पाहिजेत. आता स्की उलटी करून शेपटीचं तेच. लक्ष कशावर द्यायचं? वाकण्याच्या रेषेवर. चांगल्या स्कीत ती रेषा वेताच्या छडीसारखी हळूहळू गोल होत जाते. वाईट स्कीत एका ठिकाणी बिजागरी असल्यासारखी मोडते: तिथपर्यंत कडक आणि पुढे एकदम लुळी. अशा स्कीवर नाकावर वजन टाकून मागचं टोक उचलायला गेलात, म्हणजे सुरीने पावावर लोणी फिरवावं तसं बटर करायला गेलात, की ती बिजागरीपाशी घडी घालते आणि तोंड बर्फात.

नाक आणि शेपूट अगदी सारखी मऊ असावीत असं पार्कवाले म्हणतात. एकच जोडी असेल तर मी शेपूट नाकापेक्षा चिमूटभर कडक निवडीन. कारण साधं आहे. उडी मारून उतरताना वजन थोडं मागे पडतं, सगळ्यांचंच पडतं. मऊ शेपूट तेव्हा आधार देत नाही, वाकून खाली जाते, स्की पुढून वर उचलली जाते आणि माणूस पाठीवर. कडक शेपूट परत ढकलते. फार कडक असली तर मात्र मोगलमध्ये तीच शेपूट प्रत्येक वळणाच्या शेवटी लाथ मारते.

तुमचं वजनही यात आलं. ५५ किलोच्या मुलीला जी स्की फळीसारखी वाटते ती ९० किलोच्या माणसाखाली शेवयांसारखी होते. त्यामुळे मित्राने "एकदम सॉफ्ट आहे" म्हटलं तर आधी मित्राचं वजन विचारा.

आतल्या लाकडाबद्दल थोडंसं. गाभ्यात पॉप्लर, अ‍ॅस्पेन, पॉलोनिया, मेपल, अ‍ॅश, बीच अशी लाकडं पट्ट्यापट्ट्यांनी जोडतात. पॉलोनिया फार हलकं, पण मार खायला कमी आणि स्क्रू धरायला कच्चं, म्हणून त्याच्यासोबत पायाखाली कठीण लाकडाच्या पट्ट्या किंवा जादा थर असलेला बरा. टायटनल या शब्दाने फसू नका, ते टायटॅनियम नव्हे, अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. नाकापासून शेपटीपर्यंत त्याचा पत्रा असलेली स्की ग्रूमरवर रेल्वेसारखी शांत धावते, पण बटर विसरा. शिवाय वाईट लँडिंगला तो पत्रा वाकला की वाकलेलाच राहतो. फक्त बाइंडिंगखाली धातूचा तुकडा असेल तर उलट चांगलं, स्क्रू पक्के बसतात.

वजनाचा खेळ टोकांत आहे. १८० च्या आसपासच्या लांबीला एका स्कीचं वजन १७५० ते २०५० ग्रॅम ठीक. १६०० च्या खाली गेलात तर दुपारच्या तुडवलेल्या बर्फात स्की टप्पे खात जाते. पण दोन सारख्याच वजनाच्या स्की फिरवायला वेगळ्या लागतात, कारण फिरताना अंतराचा वर्ग मोजला जातो: बुटापासून ९० सेंटिमीटरवरचे ५० ग्रॅम हे ३० सेंटिमीटरवरच्या ५० ग्रॅमच्या नऊपट जड पडतात. दुकानात स्की मधोमध धरून स्टिअरिंगसारखी झटकन डावी-उजवी फिरवा. काट्यावर न दिसणारा फरक मनगटाला कळतो.

आकार, मग कंबर, मग लांबी

कंबर आणि कॅम्बर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मराठीत ऐकायला सारख्या वाटतात एवढंच. कॅम्बर म्हणजे स्की सपाट ठेवली असता पायाखाली राहणारी कमान. रॉकर म्हणजे टोकं जिथे वळायला हवीत त्याच्या आधीपासूनच उचललेली असणं. तपासायचं असं: जोडीचे तळ एकमेकांना लावून धरा. मध्ये फट दिसेल, तो कॅम्बर. बाइंडिंगच्या जागी दोन्ही हातांनी दाबून फट मिटवा आणि टोकांकडे कुठपासून फाक पडते ते बघा. नाकापासून २५ ते ३५ सेंटिमीटरवर फाक सुरू होत असेल तर योग्य. शेपटीला थोडी कमी चालते. पायाखाली कॅम्बर नकोच असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. टणक बर्फावर पकड आणि ऑलीमधली, म्हणजे शेपूट दाबून मारलेल्या उडीतली, उसळी दोन्ही त्या कमानीतून येतात. सपाट किंवा पूर्ण रॉकर स्की ताज्या बर्फात गंमत आणते आणि जानेवारीच्या सकाळी कडक ग्रूमरवर हातभर बाजूला घसरवते.

वळणाची त्रिज्या १६ ते २० मीटर ठेवा. १४ च्या खालची स्की लँडिंगला किंचित कलली तरी आपणहून वळायला धावते, आणि स्विचमध्ये तर फारच. तीन आकडे छापलेले असतात: नाक, कंबर, शेपूट. नाक आणि शेपूट यांतला फरक जितका कमी तितकं उलटं जाणं सोपं. १० मिलिमीटरच्या आत असेल तर छान, २० असेल तर ती स्की उलटं जाण्यासाठी काढलेलीच नाही.

आता कंबर, पण बर्फ बघून. कोलोरॅडोचा बर्फ कोरडा आणि हलका, ग्रूमरही भरपूर, म्हणून ९५ ते १०२. ब्रेकनरिजची इम्पीरियल एक्स्प्रेस, उत्तर अमेरिकेतली सर्वांत उंच चेअरलिफ्ट, तुम्हाला ३,९०० मीटरवर सोडते. तिथल्या वाऱ्याने दाबलेल्या बर्फावर ९२ पेक्षा १०० बरी वाटते. व्हरमाँट किंवा ऑन्टॅरिओत बर्फ म्हणजे बहुतेक वेळा काच, तिथे ८८ ते ९५. सिअ‍ॅटलच्या मंडळींना कॅस्केड्सचा ओला, जड बर्फ वाट्याला येतो, १०० ते १०८. आणि कोणी हीच जोडी घेऊन गुलमर्गला, अफरवटवर जाणार असेल तर हिशोबच वेगळा: तिथे गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो आणि खाली बहुतेक न दाबलेला खोल बर्फ, १०५ च्या खाली जाऊ नका. एरवी उगाच रुंद घेण्यात तोटा आहे. रुंद स्की टणक बर्फावर एका एजवरून (कडेच्या पोलादी पट्टीवरून) दुसऱ्या एजवर यायला वेळ लावते आणि तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो.

लांबीत बहुतेक नवखे आखूड घेतात. दोन्ही टोकं वळलेली आणि रॉकर असलेली स्की ग्रूमरवर पूर्ण लांबीने टेकत नाही. १८० ची स्की धावताना १७० च्या साध्या स्कीसारखी वागते. म्हणून हनुवटीचा जुना नियम सोडा. १६५ सेंटिमीटर उंची असेल तर १६८ ते १७४, १७५ उंचीला १७७ ते १८३. वजन जास्त किंवा वेग जास्त असेल तर वरचा आकडा. रेल आणि बॉक्सवरच जास्त वेळ जाणार असेल तर खालचा.

नावं विचाराल तर या गल्लीत आर्माडाची एआरव्ही, लाइनची ब्लेंड, के-टूची रेकनर, अ‍ॅटॉमिकची बेंट, फोल्कलची रिव्होल्ट, फॅक्शनची प्रॉडिजी आणि नॉर्डिकाची अनलीश्ड भेटतील. ढोबळमानाने ब्लेंड मऊ, लोण्यासारखी. बेंट १०० हलकी आणि उडती. रिव्होल्ट दणकट. अनलीश्ड ९८ मध्ये धातू आहे, ती ग्रूमरवर जास्त खूश. रेनोच्या मोमेंटची डेथविश तिहेरी कॅम्बरची, टणक बर्फावरही चांगली धरते. पण दर दोन-तीन वर्षांनी नाव तेच ठेवून आतली स्की बदलतात, त्यामुळे जुनं परीक्षण वाचताना वर्ष बघून घ्या.

बाइंडिंग

स्कीवर महिनाभर अभ्यास आणि बाइंडिंग सेलमधलं मिळेल ते, असं करू नका. बाइंडिंगवर डीआयएन आकड्यांची, म्हणजे किती जोराला बूट सुटावा ते सांगणारी पट्टी असते. तुमचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत या पाच गोष्टींवरून आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यातून निघतो, आणि तो दुकानातल्या प्रशिक्षित माणसाने काढायचा. पार्कात पाय सुटतो म्हणून स्वतःच स्क्रू पिळून वाढवला की पुढच्या पडण्यात बूट सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट सुटतो.

तुमचा आकडा पट्टीच्या मध्यावर यावा असं मॉडेल घ्या. मार्करचं ग्रिफन ४ ते १३, टायरोलियाचं अटॅक १४ हे ४ ते १४, लुकचं पिव्हॉट १५ हे ६ ते १५, मार्करचं जेस्टर १६ हे ६ ते १६. आकडा ६.५ असेल तर पिव्हॉट १५ देखणं दिसतं म्हणून घेणं चूक. पट्टीच्या अगदी तळाशी बसलात तर पुढे आकडा कमी करायला जागाच उरत नाही. पिव्हॉटची टाच गोल फिरते आणि तिचे स्क्रू जवळजवळ असतात, त्यामुळे पायाखाली स्की मोकळी वाकते. हा तिचा खरा फायदा, आणि पार्कवाल्यांना ती आवडते ती उगाच नाही. ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की थांबवणाऱ्या दोन पायांची, रुंदी कंबरेएवढी किंवा १० ते १५ मिलिमीटर जास्त. १०० च्या कंबरेला १३० चा ब्रेक लावला की ब्रेकचे बाहेर आलेले पाय एकमेकांत, रेलमध्ये, सगळीकडे अडकतात.

बुटाच्या तळव्याचा प्रकार बघा: जुना सपाट, कडक आयएसओ ५३५५ की चालायला सोपा, वक्र रबरी ग्रिपवॉक. बाइंडिंग दोन्ही घेतं का ते विचारा, आणि बूट बदलला की समोरच्या तुकड्याची उंची आणि टाचेचा पुढचा दाब पुन्हा लावून घ्या. मापं तीच असली तरी. तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते, ३०५ किंवा ३१५ अशी. पायाचं माप आणि ही लांबी वेगळी.

बसवताना बघायला उभे राहिलात तर हे दिसलं पाहिजे. जिग (छिद्रांच्या जागा दाखवणारा साचा) किंवा कागदी नमुना छापलेल्या रेघेवर. धातू नसलेल्या स्कीला ३.५ मिलिमीटरचा ड्रिल, धातू असलेल्याला ४.१, खोली ९ ते ९.५ आणि ड्रिलवर थांबा असलेली कॉलर. कॉलर नसेल तर थांबवा, कारण तळाला फोड आलेल्या स्की अशाच तयार होतात. धातू असेल तर आधी टॅपने आटे पाडायचे. छिद्रात जलरोधक गोंदाचा थेंब, तो स्क्रू धरून ठेवतो त्याहून जास्त पाण्याला गाभ्यात शिरू देत नाही. स्क्रूला पोझिड्राइव्ह तीन नंबर. साधा फिलिप्स डोकं खातो. रात्रभर वाळू द्यायचं. पुढे कधी जागा बदलायची झाली तर नवं छिद्र जुन्यापासून १० मिलिमीटरपेक्षा जवळ नको, आणि जुनी छिद्रं गोंद लावून प्लास्टिकच्या बुचाने बंद.

एज, तळ आणि जे हमखास मोडतं

कारखान्यातून एज बहुतेक १ अंश तळाला आणि २ अंश बाजूला घासून येतात, टोकापर्यंत धारदार. पार्कात हे धोक्याचं. रेलवर आधीच्या लोकांनी पाडलेले ओरखडे असतात. धारदार एज त्यात चावतं, स्की जागीच थांबते आणि तुम्ही पुढे जाता. सगळीकडे बोथट केलं तर सोमवारी टणक ग्रूमरवर पकड नाही. एका जोडीपुरती तडजोड अशी: नाक आणि शेपूट, म्हणजे बर्फाला टेकण्याच्या जागेपासून टोकापर्यंत, रबराच्या घासदगडाने पूर्ण बोथट. पायाखाली बुटाच्या लांबीएवढ्या पट्ट्यात दगड ४५ अंशांत धरून चार-पाच हलके हात, एवढंच की नख ओढलं तर खरवडलं जात नाही. मधले पट्टे धारदार. पायाखालच्या तळाचा कोन फाइलने वाढवू नका. दगडाने घासलेलं एज पुन्हा धारदार करता येतं, वाढवलेला कोन मात्र पूर्ण तळ यंत्रावर घासल्याशिवाय परत येत नाही.

स्की घेतानाच एजची जाडी विचारा. २.५ मिलिमीटरचं जाड एज रेलवर बरंच टिकतं, २ मिलिमीटरचं हलकं असतं पण लवकर तडकतं. तडा म्हणजे बुटाखाली एजवर आडवी बारीक रेघ, दोन-तीन रेघा पडल्या तरी स्की चालते. एज बाहेर यायला लागलं की मात्र त्याच दिवशी थांबा. फटीतून पाणी जातं, रात्री गोठतं, गाभा आणि थर वेगळे होतात. घरी आणून दोन दिवस उबदार खोलीत वाळवा, फटीत हळूच चाकू घालून उघडा, संथ वाळणारा इपॉक्सी भरा, मेणकागद लावून क्लॅम्प घट्ट, चोवीस तास. पाच मिनिटांत वाळणारा इपॉक्सी इथे चालत नाही, तो ठिसूळ असतो आणि पहिल्याच बॉक्सवर सुटतो.

तळाला गाभ्यापर्यंत खड्डा पडला आणि तो एजच्या जवळ असेल, तर पी-टेक्सची, म्हणजे तळासारख्या प्लास्टिकची मेणबत्ती वितळवून भरलेलं धातूला धरत नाही, आठवड्यात निघतं. तिथे दुकानातून तळाचा तुकडा किंवा बेस-वेल्ड. तळ सिंटर्ड (पूड दाबून बनवलेला) असेल तर दर चार-पाच दिवसांनी मेण हवंच. एक्स्ट्रूडेड (वितळवून काढलेला) असेल तर कमी चालतं, वेगही थोडा कमी. पार्कात हे कोणाच्या लक्षात येत नाही, ब्रेकनरिजच्या सपाट जोडरस्त्यांवर येतं, जिथे बाकीचे सरकत जातात आणि तुम्ही काठ्या मारत बसता.

वापरलेली जोडी घ्यायची तर कोलोरॅडोत शरदात गावोगावी स्की स्वॅप भरतात, तिथे चांगला माल येतो. वरची चित्रं ओरबाडलेली असली तर सोडून द्या, ते दिसण्यापुरतं. तळ एकमेकांना लावून कॅम्बरची फट दोन्हींत सारखी आहे का बघा. एका स्कीत फट आणि दुसरीत नाही म्हणजे ती एखाद्या लँडिंगला मेली आहे. शेपटीच्या टोकाला नखाने थर उचलून बघा. बाइंडिंग काढायला सांगून छिद्रं मोजा, आधीच दोनदा भोकं पाडलेली असतील तर तुमच्या बुटाला जागा उरलीय का ते तिथेच टेपने मोजा. आणि बाइंडिंगसकट घेत असाल तर मॉडेलचं नाव लिहून आधी दुकानात फोन करा. कंपनीने ज्यांची जबाबदारी सोडली आहे अशा जुन्या बाइंडिंगला दुकानदार हात लावत नाहीत, आणि मग ऐंशी डॉलरच्या जोडीवर अडीचशेचं नवं बाइंडिंग चढतं.